पायापुढे एक वीत उजेड

आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या तोंडावर बॅटरी मारली नाही. ही काय सांगायची गोष्ट झाली, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही उजेडात राहता, तुम्ही म्हणणारच.

हे सिनेमागृहात डोअरकीपर होते. सव्वीस वर्षं. खेळ सुरू झाल्यावर उशिरा येणारी माणसं असतात ना, हातात तिकीट, डोळ्यांपुढे अंधार आणि तोंडाची अखंड टकळी, त्यांना बॅटरी दाखवत खुर्चीपर्यंत नेऊन बसवायचं. ह्यात शिकण्यासारखं काय असणार, असं मला लग्नानंतर वाटलं होतं. ह्यांनी पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं, मी विचारलेलं नसताना. उजेड पाडायचा तो जमिनीवर, समोरच्याच्या पायाच्या एक वीत पुढे. पायावरच पाडला तर माणूस स्वतःचे बूट बघत राहतो. दोन वीत पुढे पाडला तर घाई करतो आणि पडतो. आणि तोंडावर पाडला तर? "अगं, तोंडावर पाडणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखंच की!" मी म्हटलं, बरं. नवी नवी होते, तेव्हा मी बरं म्हणायची.

मग सिनेमागृह बंद पडलं. आम्ही पडद्यामागच्या खोलीत राहायचो, मालकांनीच दिली होती. मालक गेले, मुलांनी इमारत विकली, आणि विकत घेणाऱ्याने सांगितलं की पडद्यामागे माणसं राहतात हे कागदात कुठेच नाही. म्हणजे इतकी वर्षं आम्ही कागदात नव्हतो, फक्त ते कुणी आम्हाला कळवलं नव्हतं. दोन महिने माझ्या भावाकडे काढले. वहिनी तोंडाने चकार शब्द बोलली नाही. भांडी आपटायची. एके दिवशी हे बाहेरून आले आणि म्हणाले, "चल, जागा बघून ठेवलीय. अंधार आहे, पण अंधारात माझा हात बसलेला आहे."

बागेच्या मागे पाण्याच्या टाकीला लागून एक लोखंडी दार आहे. आत एकेचाळीस पायऱ्या उतरल्या की बोगदा लागतो. कधीकाळी तिथून रेल्वे न्यायचं ठरलं होतं, ते ठरलेलंच राहिलं. बोगद्याच्या दोन्ही बाजूंना यंत्रं ठेवायला कप्पे केले होते. एकेका कप्प्यात एक खाट आणि एक भांडण मावेल एवढी जागा. यंत्रं आलीच नाहीत, माणसं आली. आम्ही उतरलो तेव्हा वीसएक जण आधीच होते. वर बस गेली की छतातून माती गळायची, आणि भिंतींना बारा महिने ओल.

पण ह्यांना ना माती खटकली ना ओल. खटकली ती वागणूक. जो तो येता-जाता शेजाऱ्याच्या डोळ्यांत कंदील खुपसायचा, झोपलेल्याच्या अंगावरून उड्या मारायचा, आणि त्यावरून रोज हमरीतुमरी. ह्यांनी आठ दिवस सहन केलं. नवव्या दिवशी कुठूनतरी पांढरा रंग आणला आणि सगळ्या कप्प्यांवर नंबर घातले. डावी रांग ए, उजवी रांग बी. आम्ही बी-सात. "कडेची जागा आहे," हे म्हणाले, "जायला-यायला बरी." जसं काही मध्यंतरात मी चहा प्यायला बाहेर पडणार होते.

नंबरांमागोमाग नियम आले. वाटेने जाताना उजेड जमिनीवर. कुणी उजेड घेऊन वाटेने जात असेल तर आपला दिवा विझवायचा, तोंड भिंतीकडे करायचं, त्याला गुपचूप जाऊ द्यायचं. आणि कुणाकडे जायचं असेल तर कप्प्याबाहेर थांबून "येऊ का?" म्हणायचं. आतला माणूस दिवा लावून "या" म्हणेल. तोपर्यंत कुणी कुणाला बघायचं नाही.

"दार नाही म्हणून काय झालं?" हे सगळ्यांना सांगायचे. "आतलं माणूस कपडे बदलत असेल, जेवत असेल, रडत असेल."

लोक आधी फिदीफिदी हसले. बी-चारमधला सलूनवाला, जो एकटा असला की आरशाशी वाद घालायचा, तो तर म्हणाला, "तिकीट पण फाडा ना मास्तर." पण महिनाभरात तोच रात्रंदिवस "येऊ का, येऊ का" करत हिंडायला लागला. ह्यांचं नाव बॅटरीमास्तर पडलं. माणसाला आपल्या कप्प्याबाहेर कुणीतरी परवानगी मागतंय म्हटल्यावर बरं वाटतं हो. वर तर आम्हाला कुणी रस्ताही विचारत नव्हतं.

दुसराही फायदा झाला. वर्षातून दोनदा टाकीचे पहारेकरी बॅटऱ्या घेऊन उतरायचे आणि "कोणी आहे का?" म्हणून ओरडत जायचे. सगळे दिवे बंद, तोंडं भिंतीकडे, कप्प्यांपुढे काळं प्लास्टिक, आणि सगळे मूग गिळून गप्प. पहारेकरी आल्या पावली परत. अकरा वर्षांत आमच्यातल्या एकालाही कुणी हुसकावलं नाही. हे म्हणायचे, शिस्त. मी म्हणायची, नशीब.

आता माझ्या खोकल्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी सुरू झाला आणि मग घरचाच झाला. मी खोकत नसले की ए-तीनमधले घड्याळवाले आजोबा हाक मारायचे, "सूनबाई, बरी आहेस ना?" फुकट दवाखान्यातल्या डॉक्टरने छाती तपासली आणि म्हणाला, "ओलीत राहू नका." मी विचारलं, "मग कुठे राहू?" तो म्हणाला, "खिडकीजवळ." चिठ्ठीवर औषध लिहिलं आणि त्याच्याखाली खरंच 'खिडकी' असं लिहिलं. वर म्हणाला, "अजून एक वर्ष तिथे काढलंत तर माझ्याकडे येऊ नका, उपयोग होणार नाही." ही चिठ्ठी हे खिशात ठेवायचे. रोज काढून वाचायचे, आणि मला कळत नाहीये असं समजायचे.

आणि मग लोखंडी दारावर नोटीस लागली. पालिका पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, बोगद्यातल्या माणसांची मोजणी करणार. मोजलेल्यांना शहराच्या टोकाला नव्या इमारतीत खोली. नवरा-बायकोला एक, स्वतंत्र, खिडकीसकट. त्यानंतर बोगदा कायमचा बंद. ज्यांची मोजणी झाली नाही त्यांचं काय, ते नोटिशीत नव्हतं, म्हणजे आम्हाला कळलं.

काय आनंद झाला म्हणून सांगू! सलूनवाल्याने सगळ्यांचे केस कापले, चांगले दिसायला हवेत म्हणून. आजोबांनी तर खोलीत घड्याळ कुठे टांगायचं ते ठरवून टाकलं. मी चिठ्ठी ह्यांच्या खिशातून काढून उशीखाली ठेवली.

मोजणीवाले आले ते तीन दिवस आधीच, सोमवारी सकाळी अकराला. तिघे जण, कपाळाला दिवे, पायांत गुडघ्यापर्यंत बूट. धाडधाड करत उतरले आणि ओरडले, "कोणी आहे का?"

आम्हाला वाटलं, पहारेकरी.

एका क्षणात सगळे दिवे विझले. तेवीस माणसांनी तोंडं भिंतीकडे केली. माझ्या घशात खोकला आला. रोज दिवसातून शंभरदा येणारा तोच खोकला. मी चादरीचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो आत दाबला. जन्मात एवढी शिस्त मी कधी पाळली नव्हती. एखादं प्लास्टिक उचलून बघायला त्या तिघांच्या हातांना काय लकवा मारला होता देव जाणे. चालत पार टोकाला गेले, चालत परत आले, आणि निघून गेले. हे अंधारात हळूच म्हणाले, "छान. कुणीही हललं नाही."

दुपारी सलूनवाला वर गेला तो दारावरचा नवा कागद वाचून धापा टाकत आला. 'पाहणी पूर्ण. वस्ती आढळली नाही. पुढच्या सोमवारी दार बंद.'

"आढळली नाही म्हणजे काय?" आजोबा म्हणाले. "मी तर दाढी करत होतो."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एक खोकला, हो! एक साधा खोकला मी खोकले असते तर खिडकी मिळत होती. हे खाटेवर बसून बॅटरीची काच पुसत होते.

"त्यांनी 'येऊ का' म्हटलं नाही," हे म्हणाले.

"अहो, ते सरकार आहे! सरकार कधी येऊ का म्हणतं का?"

 ह्यांनी काच पुसून पुसून झिजवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पालिकेत गेलो. साहेबांनी फाईल उघडली. "अहवालात वस्ती नाही."

"मग आम्ही कोण?" मी म्हटलं.

"तेच मी विचारणार होतो."

पण माणूस वाईट नव्हता. गुरुवारी अकराला फेरपाहणी ठेवली. एकच कर्मचारी येईल, अर्धा तास. जो माणूस राहत्या जागी डोळ्यांना दिसेल, तो मोजणीत धरला जाईल. शुक्रवारी यादी, दुरुस्ती शनिवारी पाचपर्यंत, सोमवारी दार बंद. तक्रार ऐकून साहेबांनी त्या तिघांना घरी बसवलं होतं, न बघता सही केली म्हणून.

बुधवारी ह्यांनी तालीम घेतली. स्वतः मोजणीवाले झाले आणि बॅटरी घेऊन पायऱ्यांवरून उतरले. "सगळ्यांनी दिवे लावून, तोंडं वाटेकडे करून बसायचं," असं दहादा बजावलं होतं. ह्यांचा उजेड बोगद्यात शिरला आणि पटापट सगळे दिवे विझले. परत केलं. परत विझले. सलूनवाला म्हणाला, "मास्तर, मी नाही विझवत, बोटं विझवतात." तिसऱ्या वेळी मी स्वतः विझवला, आणि वर सगळ्यांना शिव्याही मीच घातल्या. शेवटी हात पोहोचणार नाहीत एवढे उंच खिळे मारून सगळे दिवे कप्प्यांबाहेर टांगले. हे बोगद्याच्या मध्यभागी उभं राहून बघत होते. सगळीकडे लख्ख उजेड, सगळ्यांची तोंडं दिसत होती. ह्यांना ते बघवत नव्हतं, मला कळत होतं. "उद्याचा दिवस," हे म्हणाले, "फक्त उद्याचा दिवस."

गुरुवारी मोजणीला एक तरुण मुलगी आली. जमिनीखाली पहिल्यांदाच उतरत होती बिचारी. वही छातीशी घट्ट धरलेली. हे वरच्या पायरीवर उभे होते, सिनेमागृहाचा पितळी बटणांचा कोट घालून. तो कोट गादीखाली ठेवून दोन दिवस दाबला होता.

"जपून, बाई. पहिली पायरी तुटकी आहे."

आणि तिच्या पायापुढे एक वीत उजेड पडला. एकेचाळीस पायऱ्या उतरेपर्यंत तिची भीती गेली, हे तिच्या चालण्यावरून मला खालून दिसलं. ते बघून मला, खरं सांगते, अभिमान वाटला. हे तिच्या अर्धं पाऊल मागे राहून प्रत्येक कप्प्यापाशी थांबत होते. "ए-एक, येऊ का?" "या!" ती आत बघायची, नाव विचारायची, लिहायची. "ए-दोन, येऊ का?" "या!" आजोबांनी तर दोनदा या म्हटलं.

ती बी-सातशी आली आणि माझा खोकला सुटला. सोमवारी दाबलेला, तो आणि त्याची सगळी भावंडं. कसंबसं नाव सांगितलं. तिने विचारलं, "किती जण राहता?" मी तोंड उघडलं की खोकला, उघडलं की खोकला. मी ह्यांच्याकडे हात केला. तिला वाटलं, मी पाणी मागतेय. तिने स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं, एक खाट बघितली, लिहिलं, आणि पुढे गेली. आणि हे? हे उभे होते, उजेड जमिनीवर धरून. खेळ चालू असताना डोअरकीपर बोलत नाही.

जाताना ती म्हणाली, "काका, ऑफिसने सोबतीला चांगला माणूस दिला." ह्यांनी त्यातलं 'चांगला माणूस' तेवढं घेतलं आणि दिवसभर खूश होते.

शुक्रवारी यादी लागली. बावीस जण. आजोबांना खोली, सलूनवाल्याला खोली. बी-सात: महिला, एकटी. महिला निवास, दुसरा मजला.

मी तीनदा वाचलं. ह्यांनी एकदाच वाचलं. म्हणाले, "चला, तुला खिडकी मिळाली. काम झालं."

"आणि तुम्ही?"

"मी येईन ना भेटायला. चार ते सहा वेळ असते तिथे." थांबून म्हणाले, "मी विचारून आलो."

म्हणजे हे माझ्याआधी यादी बघून, त्या निवासापर्यंत पायी जाऊन, वेळ विचारून, परत येऊन पुन्हा माझ्याबरोबर यादी बघायला उभे राहिले होते. मला असा काही राग आला की खोकलाच थांबला. मी तिथेच पायरीवर बसून रडले. तेहतीस वर्षं ह्या माणसाशी भांडले, आता काय चार ते सहा भांडू?

शनिवारी ह्यांना हाताला धरून पालिकेत नेलं. मोजणीच्या मुलीला बाहेर बोलावलं. तिने ह्यांच्याकडे बघितलं, कोटाकडे बघितलं.

"कोट ओळखते मी. आवाज पण. पण हे ऑफिसचे नाहीत?"

"माझे आहेत," मी म्हटलं. "अर्धा तास तुमच्याबरोबर चालले ते!"

"हो, पण मी तर सगळा वेळ जमिनीकडे बघत होते." तिचा चेहरा पडला. "काकू, मी ह्यांना तिथे राहताना पाहिलं नाही. न बघता सही केली म्हणून तिघं घरी बसलेत." तिने घड्याळ बघितलं. साडेतीन वाजले होते. मग वही आणि कपाळाला लावायचा दिवा उचलला. "चला. आत्ताच्या आत्ता."

लोखंडी दाराशी पोहोचलो आणि ह्यांच्या हातात बॅटरी आलीच. "जपून, बाई, पहिली पायरी." मी मागून दात खात उतरत होते. खाली सगळ्यांची बांधाबांध चालली होती. बी-सातपाशी हे बाहेर थांबले आणि आमच्या रिकाम्या कप्प्याला म्हणाले, "येऊ का?"

"अहो, आत जा!"

आत गेले. मुलगी वाकली, तिच्या कपाळावरच्या दिव्याचा झोत ह्यांच्यावर गेला, आणि ह्यांनी बॅटरी विझवून तोंड भिंतीकडे केलं.

मुलगी बघतच राहिली. पाठ, कोट, मागची बटणं. हळू आवाजात म्हणाली, "काकू, चेहरा दिसायला हवा."

"अहो, वळा."

"वळतो," हे म्हणाले, आणि वळले नाहीत. खांदे हलत होते फक्त.

मी बॅटरी हिसकावून घेतली. केस विंचरताना मुलांची हनुवटी धरतात तशी ह्यांची हनुवटी धरली, तोंड वळवलं, आणि सगळाच्या सगळा उजेड तोंडावर मारला.

"बघ बाई. हा माझा नवरा. हा इथे राहतो. ह्याला मोज."

अकरा वर्षांत मी तो चेहरा एवढ्या जवळून, एवढ्या उजेडात बघितला नव्हता. किती म्हातारे झाले होते हे! कुणी सांगितलंच नाही मला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ह्यांनी डोळे मिटले नाहीत आणि तोंडही फिरवलं नाही. मुलीने लिहिलं: पुरुष, एक. तिने विचारलं, "नातं?" मी म्हटलं, "लिही, नवरा." मग तिने आधीचं 'एकटी' खोडलं, नीट, पट्टी धरून, आणि खाली सही केली.

मुलगी पुढे निघाली, तिला पाचच्या आत पोहोचायचं होतं. बॅटरी माझ्याच हातात राहिली. पायऱ्यांशी आलो, हे चाचपडत उभे राहिले. ह्यांना बॅटरीशिवाय चढायची सवयच नव्हती, आणि ह्यांना आजवर कुणी उजेड दाखवला होता? मी मागे झाले आणि खाली उजेड पाडला.

"जपून. पायरी आहे."

हे दोन पायऱ्या चढले आणि थांबले.

"आता काय झालं?" मी म्हटलं.

"पायावर पाडतेस. एक वीत पुढे धर."

मी एक वीत पुढे धरला.